वसूल कुणाकडनं?

माय,

त्या घाटाखालच्या पार्काचं तिकीट आता एवढं झालंय, की आपण चौघं तेव्हा जेवढ्यात आत गेलो असतो तेवढ्यात आज एकटा माणूसही जात नाही. गेलो असतो असं म्हणतो, कारण आत आम्ही तिघंच गेलो. मी, तुझी सून आणि आठ वर्षांची तुझी नात. तू फाटकाबाहेर बसलीस. त्याला वीस वर्षं झाली, आणि तुला जाऊन सतरा. या महिन्यात घरात पुन्हा त्या पार्काचा विषय निघाला, आणि सगळे बोलून दमल्यावर माझ्याकडं बघायला लागले, तुम्हीच काय ते ठरवा म्हणून. ठरवलं एकदाचं, पण मन निवेना. म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुझी ती नात आता लेकुरवाळी झाली. तिची पोर, म्हणजे तुझी पणती, पाच वर्षांची आहे आणि तिनं कुणाच्या तरी मोबाइलवर त्या पार्कातली पाण्याची घसरगुंडी बघितली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. जावई भला माणूस, पण कागदावर मांडल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचा नाही. त्यानं सगळे दर काढले. शनिवार-रविवारचा वेगळा, मधल्या वारी वेगळा. रांगेत उभं राहायचं नसेल तर त्याचं आणखी निराळं तिकीट, साध्याच्या जवळजवळ दुप्पट. पाण्यात उतरायचे कपडे भाड्यानं, पिशव्या ठेवायचा कप्पा भाड्यानं, जेवण तिथलंच. "मामा, एवढ्या पैशात चार दिवस कोकणात राहून येऊ," तो मला म्हणाला. तुझी सून म्हणाली, पोरगी काय दोनदा लहान होणार आहे का, आणि दर वर्षी वाढतच चाललंय तर यंदाच जाऊन या. दोघांचंही खरं होतं. मग जावयानं हिशेबाची वही मिटली आणि विचारलं, "पण मामा, तुम्ही गेलता ना एकदा? पैसे वसूल होतात का?"

साधा शब्द. सगळे म्हणतात, मीही उठता-बसता म्हणतो. पण त्या घटकेला मला तुझा प्रश्न आठवला. तुझ्या लेखी वसूल या शब्दाचा एकच अर्थ होता. लहानपणी तुमच्या वाडीवर वसुलीला माणसं यायची, निजामाच्या वेळेपासूनची ती रीत, आणि ती आली की तुझा आजा शेळ्या घेऊन डोंगराआड जायचा. वसूल हे नेहमी दुसरं कुणीतरी करायचं आणि ते आपल्याकडून करायचं. खुशीच्या गोष्टीला तो शब्द लागतो हे तू उभ्या जन्मात ऐकलं नव्हतंस.

तुझी जत्रा म्हणजे नारायणगडाची. मी सहा वर्षांचा असेन. नेकनूरवरून निघून, अर्धी वाट बैलगाडीत आणि अर्धी पायी, आपण गडावर गेलतो. वडील आले नव्हते, ते कधीच यायचे नाहीत, शेळ्यांपाशी कुणीतरी लागायचं. दर्शन झाल्यावर मी आकाशपाळण्यासाठी हटून बसलो. लाकडी पाळणा, चार पेट्यांचा, दोन माणसं हातानं ढकलायची. तू कनवटीचे पैसे काढून दिलेस. मी वर गेलो, खाली बघितलं आणि जे भोकाड पसरलं ते थांबेचना. तू गर्दीत घुसलीस. अजून दिसतेस मला, लुगड्याचा ओचा एका हातात, दुसऱ्या हातानं माणसं बाजूला सारतेयस. "थांबीव की रं मुडद्या! लेकरू रडतंय, दिसंना का?" पाळणेवाला म्हणाला, "मावशे, आजून फेरे हायेत त्येचे. पैसे दिल्यात तुमी." आणि तू म्हणालीस, "दिल्यात तर दिल्यात. फेरे तू खा. माझं लेकरू खाली दे." लोक हसले. मला खाली घेऊन तू माझं नाक पदरानं पुसलंस आणि एक शब्दही बोलली नाहीस, ना पैसे गेल्याबद्दल, ना मी हट्ट केल्याबद्दल.

मी मात्र तुझ्यासारखा निघालो नाही. मला आधी राग येतो आणि अक्कल मागाहून. धारूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागल्यावर वळू आणि म्हशी आवरता आवरता तो जरा वाढलाच. त्या वर्षी पोरीच्या वर्गातली दोन मुलं पार्काला जाऊन आली होती आणि पोरगी रोज संध्याकाळी त्याच गोष्टी सांगायची. मी म्हटलं, जीप करू, जेजुरीचा देवही होईल, पोरीची हौसही होईल, मायही येईल. तू आदला अख्खा दिवस चुलीपुढं बसलीस. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डब्यात घट्ट दही. दोन मोठी फडकी बांधलीस. सून म्हणाली, आत्याबाई, एवढं कोण खाणार? तू म्हणालीस, "जत्रंत भूक लई लागती."

जेजुरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्या फाटकाशी उभे राहिलो. आधी पोरीला भिंतीवरच्या रेघेपाशी उभं केलं. तिथं वय विचारत नव्हते, उंची बघत होते. रेघेखाली अर्धं तिकीट, रेघेवर पुरं. तुझी सून दातओठ खात खुणावतेय की जरा वाक, आणि ही बया छाती काढून, मान ताणून, टाचा उचलून उभी, आपण किती मोठं झालो ते दाखवायला. अंगठाभर वर भरली. पुरं तिकीट लागलं. तिथंच माझं डोकं सणकलं. मग वॉचमननं तुझी फडकी बघितली. "आजी, बाहेरचं जेवण आत चालत नाही. तिकडं डब्यात टाका." डबा म्हणजे कचऱ्याचा. तू त्याच्याकडं असं बघितलंस, की तो बिचारा नजर चुकवायला लागला. "टाकू? शिजलेलं अन्न टाकू?" मग तू मला विचारलंस, "आन् मला बी तिकीट लागतं? मी कशात बसणार न्हाई. नुसती बघनार हाय." वॉचमन म्हणाला, "बघायचंही तिकीट आहे, आजी." तुला हसू आलं. "बघायचं बी?" म्हणालीस, आणि फडकी उचलून झाडाखालच्या कट्ट्याकडं निघालीस. "मी हितं बसते. तुमी जा. दुपारी भाईर या, समदे जेवू." सुनेनं तुझा हात धरला, मी बसते बाहेर, तुम्ही जा म्हणाली. तू ऐकलं नाहीस. मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, "बरं." फार लवकर म्हणालो. तुझ्या तिकिटाचे पैसे माझ्या खिशात होते आणि ते तिथंच राहणार म्हणून मला आतून बरं वाटलं होतं.

दुपारी कळलं, की एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. जेवायला बाहेर आलो असतो तर उरलेला दिवस गेला असता. आम्ही आतच तीन ताटल्या घेतल्या, थंड भात आणि पांचट भाजी, आणि एकमेकांकडं न बघता खाल्ल्या. तू बाहेर फडकं सोडून वाट बघत होतीस. पोरं जेवल्याशिवाय तू घास घेत नाहीस हे मला माहीत होतं. सुनेनं दोनदा आठवण केली आणि दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो.

आता जे सांगायचं ते हे. मी त्या दिवशी पोरीला एकेका यंत्रात बसवत गेलो, सलाइन लावल्यासारखं, एक संपलं की दुसरं. पुरं तिकीट काढलंय तर पुरं बसायचं. तिला पाण्यातच खेळायचं होतं. गुडघाभर पाण्यात, दुसऱ्या एका मुलीबरोबर, फुकटच्या नदीत खेळावं तसं. मी तिला तिथून ओढून काढली. मागच्या भिंतीला लागून एक उंच खांब होता. माणसांना बांधून वर न्यायचा आणि वरून सोडून द्यायचा. तासाभराची रांग. रांगेत ती माझं बोट ओढत होती, नंतर वरून येणाऱ्या किंकाळ्या ऐकून तिनं दोन्ही कानांवर तळवे दाबले. "पप्पा, मला भ्या वाटतंय." मी म्हणालो, "मग आलीस कशाला? तुझ्यापायी आजी उन्हात बसलीय." आठ वर्षांच्या लेकराला मी हे म्हणालो, माय. पाळी आली तशी तिला आसनात बसवली. मी शेजारी बसलो, तिच्या अंगावरचा लोखंडी दांडा नीट बसलाय का बघितलं, आणि वरून सोडल्यावर ती ओरडली. मी जनावरांत आयुष्य काढलंय. भिऊन काढलेला आवाज मला कळतो. खाली उतरल्यावर ती रडली नाही. तिनं फक्त माझं बोट सोडलं आणि आईचं धरलं.

संध्याकाळी बाहेर आलो तर तू उठून उभी. अर्धं जेवण जीपच्या ड्रायव्हरला आणि वॉचमनला घातलं होतंस, अर्धं तसंच. तुझे ओठ सुकलेले. वॉचमन हसत म्हणाला, "साहेब, आजींना घरी न्या आता. दुपारी मागच्या भिंतीपाशी जाऊन हाका मारत होत्या तुम्हाला." तू ओशाळलीस. म्हणालीस, "आरं, आत माणसं वरडत हुती. मला वाटलं काय तरी मोडलं, कोन तरी पडलं. म्या ह्येला इचारलं तर म्हनतो मजा करत्यात. मजेला कोन असं वरडतं? काहून वरडत्यात?" मी म्हणालो, आतल्या गोंगाटात बाहेरचं काय ऐकू येतंय, उगीच घसा कोरडा केलास. मग तू हळूच म्हणालीस, "दुपारच्याला आपली पोर बी एकदा वरडली. ती मजेची न्हवती." मी उखडलो. हजार माणसं ओरडताहेत, त्यात तुला हिचा आवाज कसा कळला म्हणालो. तू म्हणालीस, "चाळीस शेरडांत कुठलं वरडलं ते न बघता कळतं मला. आपली पोर कळायची न्हाई व्हय?"

"मजेतच ओरडली ती," मी म्हणालो. "सगळ्यात बसवलं तिला. पैसे वसूल झाले."

"वसूल?" तू विचारलंस. "कुणाकडनं?"

मी जीपचं दार उघडलं. उत्तर द्यायला नको म्हणून ड्रायव्हरशी रस्त्याचं बोलायला लागलो. पोरगी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि नगरच्या पुढं केव्हातरी तू गार झालेला धपाटा खाल्लास.

पंधरा दिवसांनी तू नवस म्हणून अनवाणी नारायणगडाला गेलीस. भर चैत्रात, एक मुक्काम करून, पोरीला शाळेच्या सुटीत बरोबर घेऊन. तिला वाटेत मिळेल त्या गाडीत बसवायचीस आणि स्वतः मागून चालायचीस. परत आलीस तेव्हा तळपायांना फोड आलेले, एक फुटून चिघळलेला. मी दवाखान्यातून औषध आणलं, जनावरांना लावतो तेच, आणि ओट्यावर बसून तुझे पाय धुतले. पट्टी बांधता बांधता मी तुला टाकून बोललो. म्हणालो, ज्यांना यंत्रं कळत नाहीत त्यांनी भ्यावं आणि नवस बोलावे, आणि आमच्यासारख्यांनी पाय धुवावेत. तू कण्हलीस. कशाचा नवस, हेही मी विचारलं नाही. नात पार्कातून सुखरूप बाहेर यावी म्हणून केला असणार, असं धरून चाललो. सुईणीसारख्या हलक्या हातानं तू माझ्या डोक्यावरून बोटं फिरवलीस, मी मान खाली घालून पट्टी बांधत होतो तेव्हा, आणि मला वाटलं, दुखतंय म्हणून आधार घेतेय.

जावयाच्या त्या प्रश्नाला दोन दिवस झाले होते. परवा सकाळी माझी पोरगी ओट्यापाशी कणीक मळत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "तुला आठवतो का गं तो पार्क? उंच खांब?" मला वाटलं ती म्हणेल, नाही आठवत. तिनं हात थांबवले नाहीत. "आठवतो की. तुम्ही मला जबरदस्तीनं बसवलं होतं." अगदी सरळ म्हणाली. मी म्हणालो, "आजीला मी खोटं सांगितलं. तू मजेत ओरडलीस म्हणून." तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. "आजीला माहीत होतं, पप्पा. मीच सांगितलं, जीपमध्ये, तुम्ही पुढं बसला होता तेव्हा. आजी कानात म्हणाली, 'बापाला कळू दिऊ नको. त्येला वाटतंय तुला लई मजा आली. तेवढं ऱ्हाऊ दे त्येच्यापाशी.'"

मग तिनं नवसाचं सांगितलं. तिला कुठं माहीत, की मला माहीत नाही. गडाच्या पायऱ्यांवर तू तिला मांडीवर घेऊन म्हणाली होतीस, "मी देवाला काय मागितलं सांगू? माझ्या नातीच्या मनात तिच्या बापाचा राग ऱ्हाऊ नये. बाकी काय न्हाई." पोरगी म्हणाली, "मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पण आजीच्या पायाचं रगत बघून मी ठरवलं, की न्हाई ठेवायचा राग. आजीचं चालणं फुकट जाईल ना." आणि ती परत कणीक मळायला लागली. मी मागच्या दारी गेलो. पंचावन्न वर्षांचा बाप्या, तोंडात पंचा कोंबून रडलो. तुझ्या पायाला पट्टी बांधताना मी तुला यंत्रं शिकवत होतो, माय. आणि तू माझ्यासाठी चालून आली होतीस.

त्याच दुपारी मी जावयाला सांगितलं, जाऊ या. पण सगळे आत. माझं तिकीट काढ, मी कशातच बसणार नाही, तरी काढ. आणि तुझी पणती पाण्यातून बाहेर यायला नको म्हणाली तर दिवसभर पाण्यातच राहील, कुणी तिला ओढायचं नाही. तो म्हणाला, मामा, मग हे परवडतं का, त्यापेक्षा बीडच्या तलावात फुकट पाणी आहे. त्याचं चूक नाही. एवढे पैसे देऊन एक लेकरू गुडघाभर पाण्यात खेळणार, हे कुठल्याच वहीत बसत नाही. पुढच्या वर्षी दर आणखी वाढतील आणि आपल्यासारख्यांना तिथं जाणं जमणारही नाही, आणि न जमल्यानं काही बिघडणारही नाही. पण यंदा जायचं. जाणं योग्य आहे की नाही हे मला अजूनही सांगता येत नाही. एकदा तिथं आत जाऊन, कुणालाही घाई न करता, दिवसभर बसून यायचंय एवढंच.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी लिहिलं नाही. तुला वाचता यायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं, आणि मला ते नको होतं. आता तर तुला सगळंच माहीत निघालं. खांबाचं, खोट्याचं, तुझ्या तिकिटाचं पण असेल. एकच गोष्ट तुला माहीत नाही, आणि पोरीलाही नाही, कारण तिनं तेव्हा कान दाबून धरले होते. खांबाच्या रांगेत उभा होतो, भिंत हातभर अंतरावर. पलीकडून तू हाक मारलीस, "आरं यीऽऽ रं, लेकराऽऽ, यीऽऽ," माळावरून मारायचीस तशी, दोनदा, तीनदा. मला ती लख्ख ऐकू आली. रांगेतला एकजण म्हणाला, "बाहेर कुणीतरी शेळ्या हाकतंय वाटतं," आणि सगळे हसले. माय, मीही हसलो.